नांदेडचा खादीचा तिरंगा: कापड उत्तम, धोरण उणे

नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचा तीन बाय दोन फुटांचा राष्ट्रध्वज हाती घेताच त्याचे वजन जाणवते; वीण घट्ट, शिवण सरळ आणि चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र दोन्ही बाजूंनी अचूक जुळलेले. किंमत बाजारातल्या पॉलिएस्टरच्या ध्वजापेक्षा बरीच जास्त आहे, आणि माझ्यासारख्या परंपरानिष्ठ मतदाराची खंत तिथूनच सुरू होते. स्वदेशीचा उठताबसता उच्चार करणाऱ्या सरकारने ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहिता बदलून यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांना मुभा दिली. घरोघरी तिरंगा पोहोचावा हा हेतू स्तुत्यच. परंतु त्यासाठी हातसुताची अट सोडून देणे, हे ज्यांना आम्ही तत्त्वासाठी मत दिले त्यांच्याकडून अपेक्षित नव्हते. (विरोधकांनीही चार दिवस ओरड करून विषय सोडला.) याच तिरंग्यासाठी निजामाच्या राजवटीत तुरुंग पत्करणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांच्या मराठवाड्याला, सोय आणि तत्त्व यांत तत्त्व निवडणारे नेतृत्व मागण्याचा अधिकार नक्कीच आहे.

कापडाला पूर्ण गुण. मुक्तिसंग्राम दिनासाठी, म्हणजे १७ सप्टेंबरला, ध्वज हवा असल्यास स्वातंत्र्यदिनाची गर्दी ओसरल्यावर खरेदीला जावे.