तेच पोतं पन्नास वेळा काट्यावर

मी इंदूरला छावणीच्या धान्यमंडीत एका अडत्याकडे हिशेब लिहिते. एकोणीस वर्षं झाली. कोणाचा हरभरा आला, किती पोती, बोली कितीला सुटली, काट्यावर वजन किती भरलं, पैसे कधी चुकते झाले, हे माझं रोजचं काम. त्यामुळे उलाढालीचा आकडा बघून बाजार ओळखता येतो असं मला वाटायचं. आवक भरपूर, घेणारे भरपूर, म्हणजे भाव खरा. मंडीत हे बरोबरच आहे. पण हीच सवय घेऊन मी एका क्रिप्टो टोकनकडे, म्हणजे कोणीही काढू शकेल अशा डिजिटल नाण्याकडे, बघितलं आणि ३ लाख ४० हजार रुपये घालवून बसले. मुलीच्या पुण्याच्या हॉस्टेलसाठी आणि पुढच्या दोन सेमिस्टरच्या फीसाठी ते वेगळे काढून ठेवलेले होते.

ज्याने हे दाखवलं तो परका नव्हता. त्याची आई आमच्या भिशीत आहे. दहावीपर्यंत तो आमच्या घरी गणपतीच्या आरतीला यायचा. मार्च २०२४ मध्ये बिटकॉइन ७३ हजार डॉलरच्या वर गेला होता आणि जिकडेतिकडे तीच चर्चा होती. तो एका संध्याकाळी आला आणि म्हणाला, "काकू, मोठ्या नाण्यांत आता काही उरलं नाही. नवीन टोकनमध्ये बघा. मी सांगतो म्हणून नका घेऊ, तुम्ही स्वतः आकडे वाचा. तुम्हाला तर आकडे कळतात."

माझ्यावर हेच वाक्य चाललं. त्याने फोनवर एक पान उघडलं. चोवीस तासांचा व्हॉल्यूम, म्हणजे उलाढाल, १९ लाख डॉलर. खाली हिरव्या-तांबड्या ओळी भराभर सरकत होत्या, खरेदी, विक्री, खरेदी, विक्री. दर ओळीत वेळ, रक्कम आणि पाठवणाऱ्याच्या वॉलेटचा पत्ता, खाते क्रमांकासारखा. "हे विकेंद्रित एक्स्चेंज आहे काकू. मध्ये कुठली कंपनी नाही. प्रत्येक सौदा ब्लॉकचेनवर लिहिला जातो, खोटी नोंद होऊच शकत नाही." हे ऐकून मला बरं वाटलं. ज्या वहीत खाडाखोड करता येत नाही, ती वही मला आवडणारच.

त्याच पानावर दुसरा आकडा होता, लिक्विडिटी ३८ हजार डॉलर. तो मी बघितला आणि सोडून दिला. सगळं त्या दोन आकड्यांतच होतं.

त्याने मला वॉलेट, म्हणजे फोनवरचं क्रिप्टोचं पाकीट, काढून दिलं आणि गॅस म्हणून, म्हणजे व्यवहाराच्या शुल्कापुरते, थोडेसे पैसे स्वतःच्या वॉलेटमधून माझ्याकडे टाकले. "राहू द्या काकू, शंभर-दोनशे रुपयांचं काय." मला ते आपलेपणाचं वाटलं. मग यूपीआयने एका अनोळखी माणसाच्या खात्यात पैसे टाकून यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेली क्रिप्टो नाणी, घ्यायचे आणि ते वॉलेटमध्ये आणायचे, हे शिकवलं. १४ मार्चला मी २० हजारांचं टोकन घेतलं. १९ तारखेला ८० हजारांचं. त्या आठवड्यात भाव वर गेला होता, आणि मार्चएण्डच्या गडबडीत मी रात्री झोपताना तेवढा एक आकडा बघून समाधानाने झोपायचे. २७ तारखेला, गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, तीन दिवस आधी, उरलेले २ लाख ४० हजार एकदम टाकले. त्याचे सुमारे २,६०० डॉलर झाले. बटण दाबलं आणि भाव एका क्षणात २९ टक्क्यांनी वर उडाला. मी यांना हाक मारून दाखवलं. घेतल्याबरोबर वाढला, किती चांगला मुहूर्त लागला, असं म्हणाले मी.

तो भाव माझ्याच खरेदीने वाढला होता. हे मला मे महिन्यात कळलं.

एप्रिलमध्ये पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी पान उघडलं. भाव जवळपास शून्य. लिक्विडिटीही जवळपास शून्य. आणि त्याच्याच बाजूला व्हॉल्यूम अजून हिरव्या अक्षरांत १७ लाख डॉलर, कारण तो आकडा गेल्या चोवीस तासांचा होता. बाजार उठून गेला होता आणि उलाढाल तशीच झळकत होती. विकायचा प्रयत्न केला तर माझ्या सगळ्या टोकनचे ११ डॉलर येतील असं दाखवलं. मी त्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, मीही बुडालो."

मे महिन्यात मुलगी सुट्टीला घरी आली. रागावली नाही. लॅपटॉप घेऊन बसली आणि म्हणाली, "आई, वही उघडी आहे ना, मग आपण वाचू." तीन रात्री आम्ही दोघी एकेक व्यवहार उघडून कागदावर लिहीत होतो. त्यात मला जे समजलं ते इथे माझ्या भाषेत लिहिते, कारण हे आधी कोणी असं सांगितलं असतं तर मी पैसे टाकले नसते.

अशा एक्स्चेंजवर समोर गिऱ्हाईक नसतं. युनिस्वॅप नावाचं असं एक एक्स्चेंज नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून ही पद्धत रुळली. एका साठ्यात दोन चिजा ठेवतात, अर्ध्या किमतीचं टोकन आणि अर्ध्या किमतीचे डॉलर. दोन्हींच्या संख्यांचा गुणाकार कायम ठेवायचा, एवढाच नियम. तुम्ही डॉलर आत टाकले की टोकन बाहेर येतं, आणि उरलेलं टोकन महाग होतं. या साठ्याला लिक्विडिटी म्हणतात. आमच्या टोकनच्या साठ्यात ३८ हजार, म्हणजे डॉलरच्या बाजूला फक्त १९ हजार. माझे २,६०० तिथे गेल्यावर भाव २९ टक्के चढणारच होता, तो गणिताचा भाग होता. आणि मोठी गोष्ट ही, की सगळ्यांनी मिळून विकायला काढलं तर वाटायला तेवढेच डॉलर आहेत. व्हॉल्यूम १९ लाख असो की १९ कोटी, तुमच्या हातात येऊ शकणारे पैसे त्या साठ्यातलेच. साठ्याचा मालक तो काढून घेऊन गेला की काहीच नाही. आमच्या टोकनवर "लिक्विडिटी लॉक", म्हणजे साठा काढून घेता येणार नाही, असं लिहिलं होतं. कुलूप ११ मार्चला लावलेलं, तीस दिवसांचं. तीस दिवस कधी संपतात ते मी मोजलं नाही. मी, जी रोज उधारीच्या तारखा मोजते.

आता व्हॉल्यूम. आम्ही २७ मार्चचे सौदे पत्त्यांप्रमाणे लावले. बहुतेक सगळे सात पत्त्यांचे निघाले. ४४० डॉलरच्या आसपास खरेदी, वीस सेकंदांनी तेवढीच विक्री, पुन्हा खरेदी. दुपारी तसंच, रात्री तीन वाजून बारा मिनिटांनीही तसंच. एवढा वेळ कुठला माणूस जागा असतो? ते प्रोग्राम होते. मुलीने त्या सातही पत्त्यांचा पहिला व्यवहार उघडला. सातही जणांना गॅसचे पैसे एकाच पत्त्यावरून आले होते, ११ मार्चच्या संध्याकाळी, अकरा मिनिटांच्या आत. त्यांना वगळलं तर त्या दिवशी खरे घेणारे ३१ पत्ते राहिले आणि त्यांची खरेदी जेमतेम सहा हजार डॉलर. त्यातले २,६०० माझे. १९ लाखांच्या बाजारात मी जवळजवळ अर्धी होते.

मंडीच्या शब्दांत सांगायचं तर एकच पोतं मागच्या फाटकातून बाहेर काढून पुढच्या फाटकातून पन्नास वेळा काट्यावर चढवलं होतं. वहीत पन्नास नोंदी, आणि पन्नासही खऱ्या! वजन खरं, वेळ खरी. हरभरा मात्र एकाच पोत्याचा. "ब्लॉकचेनवर खोटी नोंद होत नाही" हे त्या मुलाचं म्हणणं खरंच आहे. पण नोंद खरी असली म्हणून सौदा खरा होत नाही. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवलेल्या नोटेचीही नोंद खरीच असते.

मग मंडीत असं का होत नाही? कारण दर सौद्याला मंडी शुल्क भरावं लागतं, तोलाई-हमाली द्यावी लागते. खोटी उलाढाल दाखवायची तर गाठीचे पैसे जातात. इथे शुल्क कोणाला जातं बघा. युनिस्वॅपच्या दुसऱ्या आवृत्तीच्या मूळ रचनेत, जी पुढे कितीतरी जणांनी उचलली, दर सौद्याला ०.३० टक्के कापतात आणि ते साठ्यात पैसे ठेवणाऱ्यांना मिळतात. साठाही टोकन बनवणाऱ्याचाच आणि फिरवणारे सात पत्तेही त्याचेच, म्हणजे त्याने भरलेलं शुल्क त्यालाच परत. कमी शुल्काच्या ब्लॉकचेनवर गॅसचा खर्च किरकोळ. १९ लाखांचा देखावा उभा करायला त्याला फारसं काही लागलंच नाही.

याच हिशेबाला उलटं फिरवलं तर फसवणूक पाच मिनिटांत पकडता येते, आणि मला सगळ्यात जास्त हळहळ याचीच आहे, कारण हा माझाच विषय होता. १९ लाखांवर ०.३० टक्के म्हणजे दिवसाला ५,७०० डॉलर. साठा ३८ हजारांचा. रोज १५ टक्के कमाई! उलाढाल खरी असती तर जगभरातले लोक त्या साठ्यात पैसे ठेवायला धावले असते आणि साठा आठवड्याभरात कुठल्या कुठे गेला असता. तो महिनाभर तेवढाच राहिला. आणि ज्याला घरबसल्या रोज १५ टक्के मिळतात तो माझ्या दारात टोकन विकायला माणूस का पाठवेल?

म्हणून व्हॉल्यूमचा आकडा कधीही एकटा वाचू नका. साठ्याच्या कितीपट आहे ते बघा, आमच्याकडे पन्नासपट होता. किती वेगवेगळे पत्ते आहेत ते बघा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण पत्ता काढायला पैसे लागत नाहीत, एक माणूस हजार काढू शकतो. त्या पत्त्यांमध्ये पैसे कुठून आले ते उघडा. चांगल्या, जुन्या टोकनचाही व्हॉल्यूम फुगलेला दिसू शकतो हेही लक्षात ठेवा. एक सौदा मध्ये दोन-तीन साठ्यांतून फिरवून केला की तो प्रत्येक साठ्याच्या खात्यात मोजला जातो. एक्स्चेंजमधल्या भावांतला फरक टिपणारे प्रोग्राम रात्रंदिवस सौदे करत असतात. त्यात फसवणूक नसते, पण तो म्हणजे घेणाऱ्या माणसांची गर्दीही नव्हे.

मला आधी वाटलं हे माझ्याच नशिबी आलं. तसं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत उघड झालं की एफबीआयने नेक्सफंडएआय नावाचं एक टोकन स्वतःच तयार केलं होतं, ते कशासाठी, तर भाड्याने व्हॉल्यूम फुगवून देणारे लोक पकडायला. अठरा व्यक्ती आणि कंपन्यांवर आरोप ठेवले गेले. म्हणजे हा एक धंदा आहे. पैसे द्या, ते गर्दी आणून देतात.

मी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर, फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली. उशिरा केली, तुम्ही करू नका, पहिल्या काही तासांचं महत्त्व फार असतं. सायबर शाखेतल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, पण बटण मी स्वतः दाबलेलं आणि वॉलेट माझ्याच नावाने काढलेलं, त्यामुळे समजावून सांगायलाच अर्धा दिवस गेला. यूपीआयचे संदर्भ क्रमांक, वॉलेटचे पत्ते, प्रत्येक व्यवहाराचा हॅश, म्हणजे नोंदीचा ओळख क्रमांक, सगळं मागितलं. करातही काही सुटत नाही. क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तेतला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. दुसऱ्यांचे रिटर्नचे कागद तयार करताना हे मी लिहिलेलं आहे.

शेवटचं एक सांगायचं राहिलं, आणि ते लिहायला मला महिने लागले. २७ मार्चला माझ्या खरेदीनंतर चारच मिनिटांनी एका पत्त्याने बरंच टोकन विकलेलं दिसलं. त्या पत्त्याने ते विकत घेतलेलं नव्हतं, टोकन बनवणाऱ्याकडून ११ मार्चलाच फुकट आलं होतं. मुलगी म्हणाली, "आई, हा पत्ता मी आधी कुठेतरी बघितलाय." मग तिने माझ्या वॉलेटमधला अगदी पहिला व्यवहार उघडला. गॅसचे पैसे. तोच पत्ता.

मी भिशी सोडली नाही. त्याच्या आईला मी काही बोलले नाही, तिला यातलं काही ठाऊक नाही असं मला मनापासून वाटतं. पत्ता, तारीख, वेळ आणि दोन्ही व्यवहारांच्या छापील प्रती मी तक्रारीला जोडल्या आहेत. त्या ३१ जणांतले आणखी कितीजण इंदूरचेच असतील, त्याच्याच ओळखीतले. तुम्ही मार्च-एप्रिल २०२४ मध्ये कोणाच्या सांगण्यावरून असं टोकन घेतलं असेल तर वॉलेट डिलीट करू नका. त्यातला सगळ्यात जुना व्यवहार उघडा आणि तुम्हाला गॅसचे पैसे कोणी पाठवले होते तो पत्ता कागदावर उतरवून घ्या.