अपाची ग्वाकामोली: बाहेरच्या व्हेंडरसाठी वर्षभर वापरलं, त्याचा अनुभव

आमच्याकडे आधी कॉन्ट्रॅक्टर आला की सरळ व्हीपीएनचं, म्हणजे बाहेरून आमच्या नेटवर्कमध्ये शिरायचं, अकाउंट काढून द्यायचो. काम एका सर्व्हरचं, पण व्हीपीएन लागला की अख्खं नेटवर्क त्याच्या लॅपटॉपसमोर उघडं, आणि त्या लॅपटॉपवर अँटीव्हायरस तरी आहे का, तो अजून कोण वापरतं, काही म्हणजे काही माहीत नाही. काम संपून सहा महिने झालेल्या एका माणसाचं अकाउंट चालूच सापडलं तेव्हा माझी झोप उडाली. २०१३ साली अमेरिकेत टार्गेटच्या दुकानांमधून जवळपास ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोर आत शिरले ते एसी-हीटिंगचं काम करणाऱ्या व्हेंडरचं लॉगिन चोरूनच.

म्हणून ग्वाकामोली लावलं, म्हणजे ब्राउझरमधूनच दूरच्या मशीनवर काम करू देणारं सॉफ्टवेअर. ओपन सोर्स आहे, लायसन्सचा खर्च नाही. कॉन्ट्रॅक्टरने ब्राउझर उघडून लॉगिन करायचं, त्याला नेमून दिलेली मशीन तेवढीच दिसतात, बाकी काही नाही. आरडीपी, व्हीएनसी (दोन्हीत दूरच्या मशीनची स्क्रीन दिसते), एसएसएच (यात नुसत्या टाइप केलेल्या कमांड) सगळं चालतं आणि त्याच्याकडे काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सर्व्हरचा पासवर्ड आपण कनेक्शनमध्ये भरून ठेवायचा, कॉन्ट्रॅक्टरला तो कधी कळतच नाही, त्यामुळे माणूस गेला की पासवर्ड बदलत बसायची धावपळ संपली. शिवाय अकाउंट कुठल्या तारखेपर्यंत चालेल आणि दिवसात किती ते किती वाजेपर्यंत लॉगिन होईल हे आधीच टाकता येतं. फक्त तिथे टाइमझोन नीट निवडा, आमच्याकडे तो राहिला आणि बिचारा कॉन्ट्रॅक्टर भर कामाच्या वेळेत बाहेर अडकून बसला. हे सगळं हवं असेल तर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखा डेटाबेस जोडावाच लागतो, नुसत्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहिलेल्या युजरवर भागत नाही. ओटीपीचं एक्स्टेन्शन वेगळं टाकायचं, पहिल्या लॉगिनला क्यूआर कोड येतो. एका व्हेंडरची चार माणसं एकच लॉगिन वापरत होती, ते बंद करून प्रत्येकाला वेगळं दिलं, नाहीतर कोणी काय केलं हे हिस्टरी बघून कळणार कसं?

आता त्रासाचं. सेटअप सोपा नाही. एचटीटीपीएससाठी पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवला, त्यात वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सतत चालू राहणारं कनेक्शन) नीट पुढे पाठवलं नव्हतं तर स्क्रीन इतकी अडखळत होती की दोन दिवस आम्ही नेटवर्कलाच दोष देत बसलो. सुरुवातीचं ग्वाकॲडमिन अकाउंट पहिल्याच दिवशी उडवा, त्याचा पासवर्डही ‘ग्वाकॲडमिन’च आहे आणि जगाला माहीत आहे. ग्वाकामोलीचा आतल्या कामाचा ४८२२ पोर्ट बाहेर उघडा ठेवू नका. फाइल ट्रान्सफर आपण चालू केल्याशिवाय होत नाही हे चांगलं, पण कॉपी-पेस्ट मात्र आधीपासून चालू असतं, प्रत्येक कनेक्शनमध्ये जाऊन बंद करावं लागतं.

सेशन रेकॉर्डिंग आहे, १.५.० पासून ते ब्राउझरमध्येच बघताही येतं, पण जुन्या फाइल्स काढायची सोय आपणच लावायची, आमची डिस्क भरली तेव्हा हे कळलं. एसएसएचसाठी टेक्स्ट रेकॉर्डिंग घ्या, त्यात शोधता येतं, तासन्‌तासाचे व्हिडिओ कोण बघत बसणार.

आणि एक गोष्ट फार जण विसरतात म्हणून जरा कळकळीने सांगतो. ग्वाकामोली दारापर्यंतच राखण करतं. माणूस आरडीपीने सर्व्हरवर पोचला की तिथून पुढे तो दुसऱ्या मशीनवर उडी मारू शकतो, ते हे थांबवत नाही. म्हणून आम्ही फायरवॉलमध्ये दोन नियम टाकले, सर्व्हरचा ३३८९ पोर्ट (आरडीपीचा) फक्त ग्वाकामोलीच्या मशीनलाच उघडा, आणि त्या सर्व्हरवरून बाहेर जायला फक्त डेटाबेस आणि अपडेटचा रस्ता. पहिला नियम नसेल तर जुन्या व्हीपीएनवरून कोणीही सरळ आत येतो आणि रेकॉर्डिंगमध्ये त्याचा मागमूसही राहत नाही. दुसरा टाकला तेव्हा एका व्हेंडरचं टूल बंद पडलं, तपासलं तर ते आमच्या फाइल सर्व्हरशी बोलत होतं, ज्याच्याशी त्याच्या कामाचा काडीचाही संबंध नव्हता. तो रस्ता परत उघडलेला नाही.