काचेची शेगडी : दहा महिने घासूनपुसून झाल्यावर

गेल्या दसऱ्याला कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतून तीन बर्नरची काचेची शेगडी आणली. जुनी स्टीलची होती, तिच्या कोपऱ्यांत बसलेला मेणचट थर चाकूनं खरवडूनही निघेना झाला होता. "काचेचं काय ताई, एक हात फिरवला की लख्ख," असं दुकानदार म्हणाला. आता श्रावण चालू आहे, महिनाभर रश्श्याचा थेंब सांडायचा नाही, म्हणून निवांत लिहायला बसले. दुकानदार निम्मं खरं बोलला होता.

काच पुसायला सोपी आहे, यात वाद नाही. पण ती आपल्या घाईनं पुसून घेत नाही. हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं. रविवार होता, डावीकडं तांबडा, उजवीकडं पांढरा रस्सा. पांढऱ्यात नारळाचं दूध, तो असा उकळू द्यायचाच नसतो, पण दारात कोणीतरी आलं आणि मी गप्पांत अडकले. परत येते तर भगुल्यातून ओघळ खाली, काचेवर पांढरं डबकं आणि कडेनं करपायला सुरुवात. गॅस बंद केला, सिंकमधलं ओलं फडकं उचललं. तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "अगं थांब की! तापलेल्या काचेवर गार फडकं घालालीस व्हय? कंदिलाची काच कशानं तडकायची, म्हाईत न्हाई तुला?"

कंदिलाचा जमाना मी पाहिलेला नाही, पण त्यांचं बरोबर होतं. आपल्या शेगडीची काच टफन्ड असते. म्हणजे 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं एकदम गार केलेली. त्यामुळं वरचा पृष्ठभाग दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली राहतो, म्हणून ती साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त सोसते. पण सोसते म्हणजे तिचा अंत बघायचा नसतो. आणि तिची कड नाजूक. मधोमध वाटी पडली तर बहुतेक काही होत नाही, पण कडेला बत्त्याचा टोला बसून टवका उडाला तर ती शेगडी वापरायची नाही. फुटली की सगळी एकदम, साबुदाण्यासारखी बारीक होते. आमच्याकडं खलबत्ता आता ओट्याच्या दुसऱ्या टोकाला असतो.

तर माझी पद्धत अशी बसली आहे. जेवणं उरकेपर्यंत शेगडीला हात लावायचा नाही. मग रेग्युलेटर बंद, जाळ्या आणि बर्नर काढून घ्यायचे, आणि भांड्यांचा साबण घातलेल्या कोमट पाण्याचं फडकं पिळून डागावर दहा मिनिटं नुसतं ठेवायचं. पिळून हे महत्त्वाचं. पाणी थेट काचेवर ओतलं की ते बर्नरच्या भोकातून आणि नॉबच्या फटीतून आत जातं, मग नॉब फिरवून शेगडी पेटत नाही, आणि पुढचे दोन दिवस लायटर शोधत फिरा. दहा मिनिटांनी करपलेलं दूधसुद्धा पापुद्र्यासारखं सुटतं. नाहीच सुटलं तर बाद झालेलं एटीएम कार्ड आडवं धरून ढकलायचं.

इथं एक सांगते. मोबाईलवर ब्लेडनं काच खरवडायचे व्हिडिओ भरपूर दिसतात. ते बहुतेक विजेवरच्या काचेच्या चुली असतात. तिथं भांडं थेट काचेवर बसतं, आणि ती काचच वेगळ्या जातीची, उष्णतेनं जवळजवळ न फुगणारी. आपली ती नव्हे. मी ब्लेड, तारेची घासणी आणि राख, तिन्ही लांब ठेवते. एकदा कामवाल्या मावशींनी सवयीनं तारेची घासणी फिरवली, ते चंद्रकोरीसारखे ओरखडे उजेडात अजून दिसतात.

हळद, तिखट, तर्री यांचा काचेवर डाग राहत नाही, हे मान्य करायलाच हवं. खरा त्रास तेलाच्या बारीक उडणाऱ्या थेंबांचा. ते दिसत नाहीत, रोज तापतात आणि आठवड्याभरात पिवळा चिवट थर होतो. रात्री एकदा पुसलं तर तो होतच नाही. दुसरा त्रास गुळाचा. पुरणाचा एक थेंब जरी जाळीखाली जळला तरी दगड होतो, त्याला मात्र गरम पाण्याचं फडकं दोनदा ठेवावं लागतं. आमच्याकडं बोअरचं पाणी, त्यानं पांढरे ठिपके पडतात. ते लिंबाच्या सालीनं जातात, पण शेवटी कोरडं सुती कापड फिरवायचंच.

काच इतकी, पण खरं काम बर्नरचं. भाकरी फुलवताना पीठ, मसाल्याला कांदा भाजताना साली, सगळं त्या भोकांत जातं. मग ज्योत पिवळी होते आणि भांड्यांची बुडं काळी. पितळी टोप्या मी चिंच-मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवते, भोकं सुईनं साफ करते आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवत नाही. खालची ॲल्युमिनियमची बैठक सोड्यात बुडवू नका, काळी पडते. माझी पडली.

शेगडीबद्दल तक्रार विचाराल तर मधला बर्नर. दोन्ही बाजूंना मोठी भगुली ठेवली की मधे चहाचं पातेलंसुद्धा मावत नाही. तीन बर्नरचे पैसे दिले, वापरते अडीच. बर्नरखालच्या ताटल्याही उथळ, रस्सा जरा उतू गेला की थेट काचेवर. आणि पाहुण्यांच्या मटणाचा मोठा डेग मी तिच्यावर चढवतच नाही. वजनापेक्षा भीती वेगळी आहे. रुंद बुडाखाली ज्योतीची धग कोंडते आणि ती खाली काचेवर परतते. त्यासाठी मागच्या दारातली जुनी बिडाची शेगडी आहेच.

सासूबाई सुरुवातीला हसायच्या, "शेगडी पुसालीस का तिची पूजा करालीस?" हल्ली रात्री मला उशीर झाला तर त्याच फडकं पिळून ठेवतात. कार्ड मात्र त्यांना पटत नाही, नखानंच खरवडतात.