ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी, दहावी आवृत्ती: मोठ्या मुलांसाठी घ्याच

२०२० साली आलेली ही आवृत्ती आम्ही नौपाड्यातल्या एका दुकानातून मुलीसाठी घेतली, ती अकरावीत आहे. आधी घरात एक खिशात मावणारी इंग्रजी-मराठी डिक्शनरी होती, त्यात वाँडर, रोम, रॅम्बल, स्ट्रे सगळ्यांपुढे एकच शब्द, भटकणे. आता पोरांनी निबंधात यातला कुठला लिहायचा सांगा?

इथे रॅम्बल काढून बघा. एक अर्थ मजेसाठी पायी फिरणं, तेही मोकळ्या गावाकडच्या भागात, दुसरा लांबलचक आणि विस्कळीत बोलत राहणं, तिसरा वेल वाट्टेल तशी पसरणं. शेजारी खूण आहे की क्रियापद अकर्मक आहे, आणि बोलण्याच्या अर्थाला पुढे ऑन, अबाउट लागतं तेही दिलंय, हेच तर आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही! म्हणजे रविवारी सकाळी येऊरला आरामात चालत फिरलात तर रॅम्बल, पण लोकल पकडायला ठाणे स्टेशनकडे धावत सुटलात तर अजिबात नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय चाललेला असताना कोणी जुन्या पाण्याच्या टाकीच्या विषयावर घसरला आणि थांबेचना, तर तो रॅम्बलिंग ऑन. खाली लगेच रॅम्बलर आणि रॅम्बलिंग, घराला रॅम्बलिंग म्हटलं की मोठं, कुठूनही कसंही वाढत गेलेलं घर. छापील पानावर हे सगळं कुटुंब एका नजरेत दिसतं, मोबाईलवर आपण एक शब्द शोधतो आणि बंद करतो.

फिरण्याच्या अर्थाला 'विशेषतः ब्रिटिश' असं लेबल लावलंय ते मला फार आवडलं कारण त्यामागे खरंच इतिहास आहे. तिकडे माळरानं जमीनदारांची, शिकारीसाठी राखलेली, चालायला बंदी. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो माणसं डर्बीशायरमधल्या किंडर स्काऊट नावाच्या पठारावर मुद्दाम घुसली, काहींना तुरुंगात जावं लागलं, १९३५ मध्ये रॅम्बलर्स असोसिएशन ही पायी फिरणाऱ्यांची संघटना झाली आणि २००० सालच्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये मोकळ्या जमिनीवर चालायचा कायदेशीर हक्क मिळाला. त्याला राइट टू रोम म्हणतात, तोच रोम जो आपल्या फोनच्या रोमिंगमध्ये आहे. स्ट्रे मात्र वेगळा, त्यात वाट सोडून भलतीकडे जाणं आहे, म्हणून रस्त्यावरच्या कुत्र्याला स्ट्रे डॉग, रॅम्बलिंग डॉग नाही.

व्याख्या सोप्या इंग्रजीत आहेत, मराठी अर्थ नाहीत, त्यामुळे पाचवी-सहावीच्या मुलाला जड जाईल, त्यांना आधी मराठी अर्थ असलेलीच द्या. आठवीपासून पुढे, स्पर्धा परीक्षावाले, इंग्रजीतून मेल लिहिणारे, सगळ्यांना उपयोगी. पुस्तक वजनदार आहे, क्लासला न्यायच्या भानगडीत पडू नका, टेबलावरच राहू दे.

घेताना एक बघा, फुटपाथवर स्वस्तात मिळतात त्यात झेरॉक्ससारख्या नकली कॉपी असतात. मधलं कुठलंही पान उघडून उच्चाराच्या खुणा वाचा, त्या पुसट किंवा तुटक असतील तर सरळ परत ठेवा. पैसे वाचवायचे असतील तर नववी आवृत्ती सेकंडहँड पण ओरिजिनल बघा, रोजच्या अभ्यासाला ती पुरेल.