राजारामपुरीतून घेतलेला स्विमसूट: पोट आवरतो का? हो, बऱ्यापैकी

आपल्याकडं बायका पोहायचा सूट घ्यायला गेल्या की पहिला प्रश्न "फ्रॉकवाला आहे का", कारण काय तर पोट झाकतंय. अहो पण पाण्यात उतरलं की तो फ्रॉक वर तरंगतो, झाकणार काय डोंबल! मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका स्पोर्ट्सच्या दुकानातून साधा नेव्ही ब्लू घेतला, अर्ध्या मांडीपर्यंतचा, आणि लई खूश आहे.

दुकानात सूट उलटा करून आतनं बघा, खरी करामत तिथं असते. ह्याला पोटावर पुढच्या बाजूनं जाळीचं जाड अस्तर आहे, पॉवर नेट म्हणतात, ते वरच्या कापडापेक्षा कमी ताणतं म्हणून पोट आत धरलं जातं. वरनं एका बाजूच्या शिलाईत चुण्या घातल्यात, त्या तिरक्या जातात त्यामुळं पोटाचा उंचवटा नेमका कुठं आहे तेच कळत नाही 😄 शिवाय प्रिन्सेस कट, आपल्या ब्लाऊजला असतो तोच, छातीवरनं खाली उभी शिलाई, आणि काखेखालची पट्टी काळी, त्यानं कंबर बारीक दिसते. मांडीला करकचून इलॅस्टिक नाही, रुंद पट्टी आहे, म्हणून मांस वर फुगून येत नाही.

साईज घेताना कोरड्यात घट्टच वाटला पाहिजे, पाण्यात सैल पडतो. पण खांद्याला पट्टा रुतत असेल तर सूटची उभी लांबी कमी पडतेय, मग एक साईज वरचा घ्या, रुंदी बरोबर असली तरी.

लेबल वाचा हां. लायक्रा, म्हणजे ताणणारा धागा, क्लोरीननं लवकर सैल पडतो, पीबीटी (पॉलिस्टरचाच एक प्रकार) वाला जास्त टिकतो. टँकवरनं आल्या आल्या साध्या पाण्यात खळबळून, न पिळता, सावलीत.

नावडलेलं म्हणजे ट्रायल रूम एवढीशी की कोपर भिंतीला आपटतं. आणि जलतरणपटू वीरधवल खाडेचं गाव हे, २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला गेलेला पोरगा इथला, तरी बायकांच्या सूटला कोपऱ्यात एकच रॅक! छातीचे पॅड पण आत गोळा होतात, ते काढून वेगळे वाळवायचे. एक्सएल पटकन संपतो, फोन करूनच जावा.