एबिसूची ड्रिफ्ट टॅक्सी: कुमाकुबोच्या डोंगरावर

गाड्यांचं वेड असलेला पाहुणा भारतातून आला की टोकियो टॉवर मी नंतर दाखवतो, आधी त्याला एबिसूला नेतो. फुकुशिमा प्रांतातल्या निहोन्मात्सु शहराबाहेर, डोंगरावर हे रेसिंग सर्किट आहे आणि तिथे ड्रिफ्ट टॅक्सी मिळते. ड्रिफ्ट म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत गाडी वळणातून आडवी नेणं. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, पट्टा आवळून बसायचं. तिथला सराईत चालक गाडी आडवी घालून तुम्हाला ट्रॅकवरून फिरवून आणतो. माझ्याकडून या सेवेला पाचपैकी पाच, आणि त्यातला एक पूर्ण गुण ड्रिफ्ट चालक नोबुशिगे कुमाकुबोच्या नावाचा.

हे सर्किट म्हणजे कुमाकुबोचं घर. डी-वन ग्रां प्री या व्यावसायिक ड्रिफ्ट स्पर्धेची सुरुवात 2000 साली झाली तीही इथेच. त्या काळात बहुतेक चालक निसान सिल्व्हिया, 180एसएक्स, माझदा आरएक्स-7 नाहीतर टोयोटाची एई86 घेऊन उतरायचे. या सगळ्या मुळातच मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या, म्हणजे ड्रिफ्टला सोयीच्या. कुमाकुबोने मात्र रॅलीत नाव कमावलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या उचलल्या. मित्सुबिशी लान्सर इव्होल्युशन आणि सुबारू इम्प्रेझा. पुढच्या चाकांकडे जाणारी ताकद तोडून सगळी मागे वळवली. त्यात इम्प्रेझाचं इंजिन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे बसलेलं, त्यामुळे नाक जड. अशी गाडी कोपऱ्यात आडवी घालणं आणि शेवटपर्यंत आडवी ठेवणं सोपं नाही. तिच्याच जोरावर तो 2006 चा डी-वन विजेता झाला. त्या स्पर्धेत मोठी मोठी नावं होऊन गेली, पण मला हे विजेतेपद सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण गाडी निवडली त्या दिवसापासूनच त्याने अवघड वाट धरली होती.

नाओतो सुएनागा आणि काझुहिरो तानाका यांच्यासोबतची त्याची टीम ऑरेंज तर बघण्यासारखीच. नारिंगी गाड्या एकमेकींच्या दाराला जवळजवळ चिकटून, एकाच कोनात, एकाच वेळी वळतात. डी-वनच्या जोडीच्या फेरीत पुढची गाडी कोन आणि वेग दाखवते आणि मागचीला तिला खेटून राहावं लागतं, मग दोघी जागा बदलतात. टीम ऑरेंजची प्रात्यक्षिकं त्याच्या पलीकडची. तिथे कुणाला हरवायचं नसतं, सगळा खेळ एकमेकांवरच्या भरवशाचा.

आता टॅक्सीबद्दल. या वेळी सांगलीचा माझा आतेभाऊ सोबत होता. त्याचं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे, त्यामुळे बसण्याआधीच तो वाकून चाकं बघायला लागला. पुढची चाकं वरच्या बाजूने आत झुकलेली (या झुकावालाच कॅम्बर म्हणतात), मागचे टायर मात्र सरळ उभे. "कॅम्बर बघ की लका केवढा दिलाय!" इथून जी बडबड सुरू झाली ती गाडी सुटेपर्यंत थांबली नाही. मी मागे बसलो, त्याला पुढची सीट दिली.

पहिल्या वळणाआधी चालकाने गाडी किंचित उलट्या बाजूला झुकवली, लगेच वळणाच्या दिशेने ओढली आणि क्लचला एक लाथ. मागची बाजू सुटली. मग त्याने जे केलं ते गाडीत बसल्याशिवाय नीट कळत नाही: त्याने स्टिअरिंग सोडून दिलं. चाक त्याच्या तळव्यांखालून आपोआप गरागरा फिरलं, पुढची चाकं घसरण्याच्या दिशेला वळली आणि नेमक्या क्षणी त्याने ते पुन्हा पकडलं. आतेभाऊ ओरडला, "सोडलं की त्यानं!" गाडीची भूमितीच अशी लावलेली असते की घसरताना स्टिअरिंग स्वतःहून उलटं फिरतं. चालकाने फक्त ते कुठे थांबवायचं हे ठरवायचं. त्यानंतरचं सगळं काम उजव्या पायाचं. ॲक्सिलरेटर जरा जास्त झाला की कोन वाढतो, जरा कमी झाला की गाडी सरळ व्हायला बघते. रस्ता समोरच्या काचेतून दिसत नाही, बाजूच्या खिडकीतून दिसतो. जळक्या रबराचा वास कपड्यांत बसतो, तेव्हा लग्नाचा शर्ट घालून जाऊ नका.

फेरी झाल्यावर लगेच निघू नका. सर्किटमधल्या ट्रॅकपैकी दक्षिण कोर्स चालू असेल तर तिथे जाऊन उभे राहा. एबिसूची प्रसिद्ध उडी तिथली. गाडी आडवी असतानाच चाकं जमीन सोडतात, ती तशीच आडवी खाली टेकते आणि शेजारी काँक्रीटची भिंत असते. टॅक्सीतल्या फेरीनंतर हे बघायला मिळालं की कुमाकुबोसारखे लोक याच रस्त्यावर घडले म्हणजे नेमकं काय, ते लक्षात येतं.

या माणसाबद्दल मला सगळ्यांत जास्त आदर कशाचा वाटतो, तर त्याने हा डोंगर स्वतःपुरता ठेवला नाही. इथे ड्रिफ्ट मात्सुरी, म्हणजे ड्रिफ्टच्या जत्रा, भरतात, तेव्हा देशोदेशीचे हौशी लोक जुन्यापान्या गाड्या घेऊन येतात आणि विजेत्यांनी चालवलेल्या त्याच कोर्सवर चालवतात. फेब्रुवारी 2021 च्या भूकंपात दरड कोसळून सर्किटची मोठी हानी झाली होती. तरीही माती उपसून त्यांनी ट्रॅक पुन्हा उभा केला.

जायचं कसं? टोकियोहून तोहोकु शिंकान्सेनने कोरियामा, तिथून साध्या लोकलने निहोन्मात्सु, पुढे स्टेशनवरून टॅक्सी. चार जण असाल तर भाड्याची गाडी घेणं बरं. शेजारीच तोहोकु सफारी पार्क आहे, त्यामुळे घरातल्या ज्यांना टायरच्या किंकाळ्यांत रस नाही त्यांची सोय सिंहांकडे होते. जवळच दाके ओन्सेनचे गरम पाण्याचे झरे आहेत, मुक्काम करायचा तर तिथे करा. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ पडतो आणि बर्फावरचं ड्रिफ्टिंगही चालतं, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने कोरड्या दिवसातच जावं, टायरची पकड सुटते कशी आणि परत येते कशी हे तेव्हा जास्त स्पष्ट जाणवतं. टॅक्सी आधी ठरवून घ्या आणि त्या दिवशी कोणता कोर्स चालू आहे तेही तेव्हाच विचारा.