बुटाची वॉटरप्रूफ चेन गेली, फक्त रनर बदलला: दहाएक महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगतो, माझा हा गिर्यारोहणाचा बूट कसा आहे एवढंच हवं असेल तर बूट मस्त आहे, उबदार आहे, चढताना टाच उचलली जात नाही, क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाखाली बांधायचे लोखंडी दात) घट्ट बसतो, विषय संपला. मला लिहायचंय ते त्याच्या बाहेरच्या चेनबद्दल. सहा हजार मीटरसाठीचे आजकालचे बरेच डबल बूट (आत उबदार बूट, बाहेर कडक बूट) गेटर, म्हणजे बर्फ आत जाऊ नये म्हणूनचं कापडी आवरण, शिवूनच येतात आणि त्या गेटरला वॉटरप्रूफ म्हणून विकलेली चेन असते, ती गेली की एवढा महागडा बूट वाया गेला असं समजून लोक अर्ध्या किमतीत विकायला काढतात. माझ्याही उजव्या बुटाची गेली. ब्रँडचं नाव घेत नाही, चेनचंही नाही, दुसऱ्या कंपन्यांचे बूट वापरणाऱ्या मित्रांकडेही असंच झालेलं पाहिलंय.

पहिली गोष्ट, वॉटरप्रूफ चेन नावाखाली दोन वेगवेगळ्या वस्तू खपतात. एक म्हणजे साधी नायलॉनची कॉइल चेन (दात म्हणजे तारेची गुंडाळी), उलटी लावलेली, म्हणजे दात आतल्या बाजूला आणि बाहेरच्या सपाट बाजूवर पॉलियुरेथेनची पातळ फिल्म, चेन बंद झाली की फिल्मच्या दोन कडा मधोमध एकमेकींना टेकतात. पाऊस, बर्फाचे शिंतोडे ती छान अडवते, पण पाण्यात बुडवून ठेवली तर आत पाणी येणारच, विशेषतः वरच्या टोकाला जिथे रनर येऊन थांबतो तिथून. दुसरी खरी हवाबंद चेन, डायव्हिंगच्या ड्रायसूटला असते तसली, जाड, कडक, बंद करताना शेवटच्या टोकाला जोर लावावा लागतो आणि त्या टोकाला सिलिकॉन ग्रीस लावत राहावं लागतं. ही काही महागड्या बुटांना असते. माझ्या बुटाला पहिली आहे आणि पुढचं सगळं पहिलीबद्दलच आहे, दुसरी बिघडली तर मोची, पक्कड वगैरेच्या नादाला लागू नका, ती कंपनीकडेच पाठवा.

गेली कुठे तर लडाखमधल्या कांग यात्से दोन शिखराच्या बेस कॅम्पला. स्टोक कांगरी शिखर २०२० मध्ये चढाईसाठी बंद झाल्यापासून लडाखमध्ये पहिल्यांदा सहा हजारावर जाणारे बरेच जण तिकडे वळलेत आणि बेस कॅम्पला आम्ही मारखा खोरं चालून गेलो. तिथली धूळ म्हणजे पिठासारखी बारीक, सॅकमध्ये बूट पिशवीत बांधून ठेवले तरी चेनमध्ये जाऊन बसते. संध्याकाळी फिटिंग बघायला बूट घातले, चेन वर ओढली, रनर व्यवस्थित वर गेला आणि त्याच्या मागे चेन घोट्यापाशी आपोआप उघडत आली. परत खाली, परत वर, परत तेच.

हे लक्षण नीट ओळखा कारण सगळा खर्च यावर ठरतो. रनरच्या मागे चेन उघडते पण दात सगळे जागेवर आहेत म्हणजे रनर झिजलाय, त्याच्या वरच्या आणि खालच्या पत्र्यातली फट मोठी झालीय आणि तो दात एकमेकांत दाबूच शकत नाहीये. कॉइलच वाकडी झाली असेल, मधेच एखादा दात तुटला असेल किंवा शिलाईपासून सुटली असेल तर चेन गेली. आणि फिल्म सोलली असेल पण चेन लागतेय, तर फक्त पाणी अडवणं कमी झालंय, बाकी काही नाही. रनर बहुतेक झिंकच्या मिश्रधातूचा ओतीव असतो, धुळीने आतून घासला जातो आणि आपल्याकडे गोव्यात त्यात मिठाची भर. मी मिरामारला राहतो, खारा वारा थेट घरात, कपाटातल्या बॅगांच्या रनरवर पांढरी पूड धरते ती हीच भानगड.

तिथे केलं ते असं, लेदरमनच्या (खिशातल्या घडीच्या हत्याराच्या) पक्कडने रनरचं मागचं अरुंद टोक, म्हणजे जिथून बंद चेन बाहेर पडते ते, एका कडेने हलकंसं दाबलं, मग दुसऱ्या कडेने तेवढंच, चेन ओढून पाहिली, परत थोडं. एकदम जोरात दाबला तर हा धातू वाकत नाही, सरळ तडकतो, आणि थंडीत करायचं असेल तर आधी रनर मुठीत धरून गरम करा. चेन लागली. पण दाबलेला रनर म्हणजे तात्पुरता इलाज, पुढच्या पहाटे निघताना घोट्यापाशी परत फाकली, कारण प्रत्येक पावलाला चेन तिथेच वाकते. मग तीन सेफ्टी पिना, वरून वेगळे जुने गेटर, आणि क्रॅम्पॉनचा पट्टा खालचा भाग दाबून धरतोच. डक्ट टेपचा काही उपयोग झाला नाही, दंव धरलेल्या गार कापडाला तो चिकटत नाही, लावायचा तर तंबूत कोरड्यावर आदल्या रात्रीच लावायला हवा. बोटं व्यवस्थित राहिली, कारण ऊब आतल्या बुटात असते, बाहेरच्या चेनचं काम बर्फ आणि वारा आत येऊ न देणं एवढंच. अर्थात वाऱ्यात गेटर उघडा घेऊन वर जाणं परवडणारं नाही, जुने गेटर सोबत नसते तर मी बेस कॅम्पवरूनच परतलो असतो.

घरी आल्यावर विक्रेत्याला मेल केला, उत्तर आलं की चेन झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही, बूट परदेशात पाठवून पूर्ण चेन बदलून मिळेल, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. तो आकडा वाचून ठेवून दिला.

मग म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. तिथे बॅगा, छत्र्या रिपेअर करणारे बसतात, त्यातल्या एका म्हाताऱ्या बाबाने बूट हातात घेतला, चेन दोनदा वरखाली केली आणि म्हणाला, "चेन बरी आसा, रनर गेला." इतकंच. मला इंटरनेटवर वाचून दोन संध्याकाळी लागल्या होत्या ते त्याने दहा सेकंदात सांगितलं. पण त्याच्या डब्यातला एकही रनर बसेना. एक तर उलट्या कॉइलला उलट्याचाच रनर लागतो, साधा घातला तर ओढायची पट्टी आत बुटाच्या बाजूला येते, आणि साधा रनर वरच्या फिल्मला खरवडतो ते वेगळंच. रनरच्या पाठीवर बारीक आकडा असतो, ५, ८, १० असा, तो साधारण बंद चेनच्या दातांची मिलीमीटरमधली रुंदी. पण आकडा जुळला म्हणजे बसेलच असं नाही, कंपनीप्रमाणे आतला आकार बदलतो, म्हणून रनरवरचं नाव आणि आकडा दोन्हीचा फोटो काढा आणि तोच मागवा. मी तसाच ऑनलाइन मागवला, दोन मागवले, पोस्टाचा खर्च रनरपेक्षा जास्त पडला, तरी एका साध्या जेवणाच्या बिलाएवढंच सगळं.

बसवून परत बाबाकडूनच घेतला. माझं शिवण वाकडं जातं आणि इथे वाकडं चालत नाही. त्याने गेटरच्या वरच्या टोकाची शिलाई जेमतेम इंचभर उसवली, वरचा स्टॉपर कापला, जुना रनर काढून नवा घातला, चेनच्या दोन्ही बाजू एकाच दातावर सुरू झाल्यात हे बघितलं (एक दात पुढेमागे झाला तर वर कापडाला फुगा येतो), मग जाड नायलॉनच्या दोऱ्याने दहा-बारा टाके मारून नवा स्टॉपर केला आणि शिलाई बंद. मजुरी दीडशे रुपये. सुईची भोकं मात्र उघडी राहतात, त्यावर मी घरी आतून सीम सीलर लावला आणि रात्रभर वाळू दिला.

टेस्ट करायला गोव्यात बर्फ कुठला आणायचा, म्हणून दोन उद्योग केले. बादलीत बूट चेनच्या अर्ध्यापर्यंत दहा मिनिटं उभा ठेवला, गेटर आणि बुटाच्या मधे वर्तमानपत्र कोंबून. कागद घोट्यापाशी थोडा दमट झाला, बाकी कोरडा, या जातीच्या चेनला तेवढं माफ. दुसरा, चेन ओली करून बूट शेजाऱ्यांच्या मासळीच्या डीप फ्रीझरमध्ये रात्रभर, घरच्या फ्रीझरमध्ये तो मावला नाही. सकाळी रनर दगड झाला होता, ओढायला गेलो तर हलेना, तळहाताने मिनिटभर धरल्यावर सुटला. बुटाला सुरमईचा वास आठवडाभर येत होता, ते शेजारी अजून काढतात. पण यातून एक गोष्ट कळली ती डोंगरावर फार कामाला आली, गोठलेला रनर ओढायचा नाही आणि त्यावर फुंकरही मारायची नाही, तोंडाची वाफ तिथेच गोठते.

त्यानंतर आता दहाएक महिने झाले. मनालीला फ्रेंडशिप पीक (५,२८९ मीटर) आणि त्याआधी सोलांगच्या वर मऊ, ओल्या बर्फात सराव, ओला बर्फ हीच चेनची खरी परीक्षा. रनर एकदाही फाकला नाही. रात्री बाहेरचा बूट चेन पूर्ण बंद करून पिशवीत घालून तंबूच्या आत, उघडी राहिली की मधे ओल जाऊन दातांत गोठते. सकाळी चेन लावताना एका हाताने खालचं कापड ताणून धरायचं आणि घोट्याच्या वळणावर सावकाश जायचं, तिथे घाई केली की रनर तिरका ओढला जातो आणि सगळी झीज तिथूनच सुरू होते.

कमी आवडलेलं: नव्या रनरची ओढायची पट्टी बारीक आहे, मिटन (बोटं एकत्र असलेले जाड हातमोजे) घालून सापडत नाही, तिला ३ मिलीमीटर दोरीची गाठ मारलीय. आणि घोट्याच्या वळणावर फिल्मला आता सुरकुती पडून कडा किंचित उचलली गेलीय, त्याला रनरचा इलाज नाही.

आता जपण्याचं, कारण आपल्याकडे बूट वर्षातले दहा महिने कपाटातच असतात आणि जून ते सप्टेंबर घरात चामड्याचा पट्टासुद्धा हिरवा होतो. पॉलियुरेथेन उष्ण दमट हवेत हळूहळू सडतंच, चेनची फिल्म असो की सोलच्या आतला फोम, वापरा नाहीतर नका वापरू. ट्रिपवरून आलो की कोमट पाणी, थोडा साबण, जुना टूथब्रश, दात आतून बाहेरून साफ, सावलीत पूर्ण वाळवून मगच सिलिकॉनचं झिप ल्युब्रिकंट, तेही नावापुरतं. मेणबत्ती, खोबरेल, मशीनचं तेल काही नको, सगळ्यावर धूळ चिकटते. मग चेन बंद करून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पाकिटांसोबत. ही पाकिटं चवथीच्या आसपास एकदा कढईत मंद आचेवर वाळवून घेतो (कापडी असतील तरच, प्लास्टिकची वितळतात). प्लास्टिकच्या पिशवीत ओला बूट बांधून ठेवणं सगळ्यात वाईट.

सोबत काय ठेवतो: दुसरा रनर, स्क्रूने आवळून बसवायचा एक तात्पुरता रनर (बाजारात मिळतो, शिलाई न उसवता लागतो, पण फिल्मवर जरा घट्ट जातो म्हणून फक्त अडीअडचणीला), पिना, आणि ते जुने गेटर, वजन होतं तरी.

नवा बूट घेणाऱ्यांनी दुकानात चेनच्या वरच्या टोकाकडे बघावं, शिलाई उसवून रनर काढता येईल असं टोक आहे की सगळं वितळवून चिकटवलेलं आहे. सेल्समनला हा प्रश्न विचारला तर तो मेम्ब्रेनबद्दल (कापडातल्या वॉटरप्रूफ थराबद्दल) बोलायला लागतो, बोलू द्यावं, आपण टोक बघावं. पूर्ण चेन मी अजून बदललेली नाही, फिल्म आणखी उचलली तरी एखादा सीझन निघेल असं वाटतंय, आणि सोल झिजायला आलाच आहे, नवा सोल लावायला पाठवेन तेव्हा एकाच पार्सलमध्ये चेनचंही करून घेईन.